माहेरचा साक्षीदार

साक्षीला ज्योतिबाचं नाव सुलाबाईनं स्वतःच दिलं होतं. तो पिंजऱ्यात येऊन उभा राहिला तसा तिच्या जिवात जीव आला. शेजारी बसलेल्या आपल्या वकिलांना ती हळूच म्हणाली, "आता काळजी न्हाई. म्हायेरचा माणूस हाय."

भांडण होतं ते सांगलीच्या हळदपेठेमागच्या एका खोलीचं. सुलाबाईचा नवरा त्याच खोलीत वारला होता, आणि गेली सव्वीस वर्षं ती तिथूनच हळद निवडायच्या कामाला जात होती. ही खोली गेली तर तिला दुसरीकडे डोकं टेकायला जागा नव्हती. मालक लालासाहेबांना तिथं गोदाम बांधायचं होतं. भाडं वेळच्या वेळी पोचत होतं, त्यामुळे कायद्यापुढे त्यांचं काही चालेना. मग त्यांनी दावा लावला, की या बाईनं आमच्या खोलीत परस्पर पोटभाडेकरू ठेवला आहे. पाहुणा ठेवला तर खोली राहते आणि पोटभाडेकरू ठेवला तर जाते, एवढं वकिलांनी सुलाबाईला नीट समजावलं होतं.

आता ज्योतिबा पाहुणा की भाडेकरू, हे काय कोर्टाला विचारायचं? बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून तो बायकोसकट आटपाडीकडून पायी निघाला, तो थेट तिच्या दारात येऊन बसला. माहेरच्या गावचा, म्हणजे भाऊच. तिनं खोलीच्या मधोमध जुनं लुगडं बांधलं आणि अर्धी खोली त्यांना देऊन टाकली. तीन वर्षं तिघं एकाच चुलीवरचं खात होती.

सुलाबाईच्या वकिलांनी उठून विचारलं, "सुलाबाई तुमच्या कोण?"

ज्योतिबा खाली बघत होता. "कोण न्हाईत. आमी भाड्यानं ऱ्हातो त्येंच्यात."

कोर्टाला बिचकला बिचारा, असंच सुलाबाईला वाटलं. गोंधळून भलतंच बोलून गेला. तिनं लांबूनच मान हलवून त्याला धीर दिला. मग तिला त्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दिसला. त्या लांबलचक किल्ल्या अख्खी पेठ ओळखत होती. लालासाहेबांच्या जुन्या गोदामाच्या होत्या त्या, आणि तिथल्या राखणदाराला गोदामाच्या मागं राहायला खोली मिळायची. सुलाबाईची हलती मान थांबली.

लालासाहेबांचे वकील उठले. भाडं किती देता, असं त्यांनी विचारलं. पैसा कधी दिला न्हाई, असं ज्योतिबानं सांगितलं. तेवढं खोटं मात्र त्याला बोलवेना. पण घोंगडी दिली म्हणाला, भाड्यापोटी.

सगळे सुलाबाईच्या खांद्याकडे बघू लागले. पौषातली थंडी होती, आणि चारचौघांत न्यावी अशी घरात तीच एक वस्तू, म्हणून ती घोंगडी अंगावर घेऊन आली होती. ज्योतिबाच्या शेवटच्या मेंढरांची लोकर होती ती, त्याच्या आईनं कातलेली. पहिल्या भाऊबीजेला त्यानं ती तिच्या ताटात ठेवली होती. "एवढंच उरलंय, आक्का," असं म्हणताना तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

सुलाबाईची पाळी आली. पिंजऱ्यात चढण्याआधी वकिलांनी तिच्या कानात सांगितलं, की बाजारातून विकत घेतली म्हणा, विषयच संपेल. तिनं मान डोलावली. तसंच सांगायचं तिच्या मनातही होतं. पण पिंजऱ्यात उभी राहिली आणि समोरच्या बाकावर तोंड फिरवून बसलेला ज्योतिबा तिला दिसला. त्यानं ती भाऊबीज विकून खाल्ली होती. तिला ती झालीच नाही असं म्हणवेना.

"ही घोंगडी यांनी तुम्हाला दिली, हे खरं का?" लालासाहेबांच्या वकिलांनी विचारलं.

"खरं हाय," सुलाबाई म्हणाली. "मी ववाळलं तवा ताटात टाकली. भाडेकरूला कुणी ववाळतं व्हय, सायेब?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मजकूर सांगितला आणि कारकुनानं तो लिहून घेतला. घोंगडी मिळाल्याचे कबूल. ओवाळण्याचं त्यात काही आलं नाही.

कारकुनानं तिचा अंगठा शाईला लावून कागदावर टेकवला. शाई पुसायला सुलाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. खांद्यावरची घोंगडी काळीच होती, डाग दिसलाही नसता. तिनं घोंगडी बाजूला सारली आणि अंगठा पदराला पुसला.