साटांची राखण

मे महिन्यात माहेरी आलेल्या उमाआत्या ओसरीवर आल्या, तेव्हा समोरच्या खळ्यात आंब्याच्या रसाची साटं ताटांतून उन्हात वाळत होती आणि त्यातल्या दोन ताटांवर कावळ्यांची पंगत बसली होती. राखणीला बसवलेली त्यांच्या भाच्याची मुलगी, चौदा वर्षांची अवनी, काठी मांडीखाली घालून कादंबरी वाचत होती.

"अवनी, ताटं बघ गो."

पोरीने मान वर केली आणि तिचं तोंडच उतरलं. "आत्याआजी, आई आता हे पुस्तक आजच वाचनालयात परत करणार. माझी शेवटची तीस पानं राहिलीत. यातली मुलगी म्हणजे मीच आहे. हिलासुद्धा घरात कोणी वाक्य पुरं करू देत नाही."

"कुठवर आलीस?"

अवनीने पान पुढे केलं. मुलगी वडिलांना पहिल्यांदा उलट बोलते, ते पान. कडेला आमरसाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता, जुना, तपकिरी पडलेला. उमाआत्यांनी त्यावर आपला अंगठा हळूच टेकवून पाहिला आणि पुस्तक पदराआड घेतलं.

तेवढ्यात अवनीची आई बाहेर आली. "दोन ताटं फस्त? राखणीला बसलं कोण होतं?"

"मी बसले होते," उमाआत्या म्हणाल्या. "वाचता वाचता भानच राहिलं नाही बघ."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त गोष्ट साठ वर्षांपूर्वीची होती.