बॉनेटवरची रेघ

ग्रिसेलनं बटण दाबलं. चारही चाकांवरच्या रबरी फुग्यांतली हवा फुस्स करून सुटली आणि तो छोटा ट्रक दमलेल्या म्हशीसारखा खाली बसू लागला. पोट जमिनीला टेकायला चार बोटं उरली असताना ठक्क आवाज आला. ट्रक तिथंच अडला.

"काय लागलं?" तिच्या बापानं, कूकोनं, विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"ऑइल चेंबर." ती फरशीला गाल लावून समोरून बघत होती.

जुनं चार सिलिंडरचं इंजिन काढून तिथं मोडीतल्या पोलिसगाडीचं आठ सिलिंडरचं धूड बसवायचं, ही हौस कूकोचीच. आता खाली ठेवावं तर चेंबर टेकतं, वर उचलावं तर इंजिनाचं डोकं बॉनेटला लागतं. इकडे आड, तिकडे विहीर. उद्या सकाळी सहाला अशा बुटक्या ट्रकवाल्यांच्या क्लबचे वीस ट्रक त्यांच्या बेकर्सफील्ड शहरातून प्रदर्शनाला निघणार होते. हवा सोडल्यावर ज्याचं पोट जमिनीला टेकत नाही, त्याला त्या मैदानात ट्रक म्हणत नाहीत, खेळणं म्हणतात. आणि क्लब काढलेला कूकोनं. त्याला तोंडावर कोणी काही बोललं नसतं, हेच जास्त वाईट.

"इंजिन वर घ्यावं लागेल," ग्रिसेल म्हणाली. "आणि बॉनेट कापावं लागेल."

कूकोची नजर बॉनेटवर गेली. काळ्या बॉनेटवर त्याच्या हातच्या रेघा होत्या. केसाएवढ्या बारीक, पांढऱ्या आणि लाल, एकमेकींत गुंतत गेलेल्या, दोनशेच्या वर. तीन वर्षांपूर्वी आठवडाभर श्वास रोखून मारलेल्या. पट्टी नाही, टेप नाही. टेप चिकटवून रेघ ओढणाऱ्यांना तो 'भिंती रंगवणारे' म्हणायचा. पार फ्रेझ्नोहून लोक गाड्या घेऊन त्याच्या दारात यायचे. गेल्या वर्षापासून मात्र तो पाठीचं दुखणं सांगून सगळ्यांना परत पाठवत होता आणि उजवा हात खिशात ठेवत होता. घरात सगळ्यांना कळलं होतं, पण सगळ्यांनीच तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

ग्रिसेलनं भिंतीशी उभं केलेलं दुसरं बॉनेट पुढं ओढलं. काळं, कोरं, मधे चौकोन आधीच कापलेला. ही युक्ती ती आठवडाभर मनात घोळवत होती.

"हे लावू या. तुमचं भिंतीवर टांगू, पापा. साधा ओरखडाही येणार नाही त्याला."

"आणि ह्याच्यावर रेघा कोण मारणार?"

तिला चटका बसला. कोरं बॉनेट दिसलं की उद्या शंभर जण हेच विचारणार होते. कूकोचा ट्रक आणि बॉनेट कोरं? कधी रंगवताय? एवढी साधी गोष्ट आठवडाभर तिच्या डोक्यात आली नव्हती. बापाचा मान जपायला निघालेल्या पोरीनं त्याला चारचौघांत उघडं पाडायची सोय करून ठेवली होती.

"मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुला काय म्हणायचं होतं ते कळलं मला. भिंतीवर टांग. हार घाल. खाली उदबत्ती लाव!"

"चिडू नका ना, पापा."

"चिडू नको तर काय नाचू? तो पांढरा मार्कर दे इकडं."

तिनं दिला. कूकोनं उजवा हात खिशातून बाहेर काढला. भर दुपारच्या उजेडात तिनं तो हात कित्येक महिन्यांनी पाहिला. तो थांबतच नव्हता. मार्करचं टोपण काढताना ते दोनदा निसटलं.

"कडेनं टेप लावून देऊ? म्हणजे नुसतं..."

"ग्रिसेल."

तिनं टेप खाली ठेवली.

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून तो आपल्या जुन्या बॉनेटवर वाकला. कापायच्या चौकोनाची रेघ सुरू झाली. पहिली चार बोटं सरळ गेली, मग हेलकावली, एका लाल रेघेवर चढली, परत आली. कोपऱ्यावर झटका बसून ती बाहेर पळाली. कूको थांबला नाही. त्याच्या नाकावरून घाम टपकत होता. चारही बाजू जुळायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. ग्रिसेलला तो दिवसभरासारखा वाटला.

मग तो ताठ झाला आणि आपली रेघ बघत उभा राहिला. ग्रिसेलला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायची तिची हिंमत नव्हती.

"पुसून टाक ते," तो म्हणाला. "स्पिरिट घे. आणि तुझ्या त्या टेपनं सरळ आखून घे."

तो पाठ फिरवून दाराकडे चालू लागला.

स्पिरिटची बाटली आणि फडकं तिच्या हाताशीच होतं. तिनं चष्मा चढवला. कोपऱ्यात ड्रिलनं भोक पाडलं, पत्रा कापायच्या यंत्राचं पातं त्यात घातलं आणि बापाच्या रेघेवरून यंत्र पुढं सरकवलं. सरळ कापलं असतं तर पाच मिनिटांचं काम. ती मुंगीच्या पावलानं जात होती. रेघ हलली तिथं पातं हलवत होती, वळली तिथं वळवत होती. जरा घसरलं असतं तर उरलेल्या रेघांचं वाटोळं झालं असतं. तिचे खांदे दगडासारखे झाले होते.

दाराशी पोचलेली पावलं थांबली. मग माघारी आली. तिनं मान वर केली नाही.

कूको तिच्याशेजारी वाकला. त्याचं थरथरतं बोट पात्याच्या वीतभर पुढं टेकलं.

"सावकाश," यंत्राच्या आवाजावर तो ओरडला. "इथं वाकडी गेलीय. वाकडीच घे."