बाराच्या आत तीस फूट

"धुम्मस हळू मार रे मेल्या! काकांचो आत्ताच डोळो लागलोहा," नर्मदाकाकी खिडकीतून दबक्या आवाजात ओरडल्या, नि समर्थचे हात हवेतच थांबले.

सव्वाअकरा. तीस फुटांतले बावीस झालेले. बारा वाजता महसूल खात्याचे सर्कल साहेब येणार, जागा बघणार, पंचनामा लिहिणार. वाट दिसली तर वाट राहणार. नाही दिसली तर दत्तप्रसाद आपल्या जागेत भिंत घालणार नि गणपतकाका कायमचे आत कोंडले जाणार. एवढं सरळ होतं सगळं.

समर्थ कसालचा. पेव्हर ब्लॉक बसवायचं काम धरून त्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं. काल सकाळी कामाचं बोलावणं आलं म्हणून तो बीचच्या रस्त्यावरून आत शिरला, तर काकी पायरीवर डोक्याला हात लावून बसलेल्या.

"ह्या पुढच्या बंद घराचो मालक दत्तप्रसाद. गणपतीक इलो मुंबयसून, नि आमची वाट उखडून टाकल्यान. म्हणता, जागा माझी," त्या सांगायला लागल्या. "पंधरा वर्षांची वाट रे. ह्यांका अर्धांगवायू, चार महिने अंथरुणार. डाक्टराकडे न्यायचे तर खुर्चीत घालून हयसूनच न्यायचे. मागे खाडी, दोनय बाजूक दगडी गडगे. आता काय उचलून नेव?"

समर्थचं डोकंच फिरलं. वर्षाला आठ दिवस येणारा माणूस, नि आजारी म्हाताऱ्याची वाट तोडतो?

"काकी, तुमी चिंता करू नका. उद्या बाराच्या आत होती तशी करून देतंय."

"होती तशीच हां. नवी दिसाक नको. नायतर साहेब म्हणतले, म्हातारी खोटा बोलता."

ब्लॉक जुनेच होते, शेवाळ धरलेले. काकींनी पुढच्या पडवीत रचून ठेवलेले. समर्थने ठोकायचं मशीन आणलं होतं, पण काकांच्या झोपेपायी ते टेम्पोतच राहिलं. कालपासून तो लाकडी धुम्मसनेच ठोकत होता. तळहाताला फोड आले होते, नि त्याला त्यांचा अभिमानच वाटत होता.

एकच गोष्ट खटकली होती. काल माती काढताना खाली जुनी कच, म्हणजे बारीक खडी, लागलीच नाही. ब्लॉक कुणी कितीही उखडू दे, पंधरा वर्षांच्या वाटेखाली मूठभर तरी खडी सापडतेच. इथे नुसती तांबडी माती नि गवताची मुळं.

"खडी पण भरून नेल्यान," काकी लगेच म्हणाल्या. "असलो माणूस तो."

समर्थला पटलं. अशा माणसाचा काय भरवसा!

साडेअकरा. पाच फूट उरले. पावणेबारा. दोन फूट. दोरी हलली, एक रांग वाकडी गेली, परत उचलली. घाम डोळ्यांत. शेवटचा ब्लॉक बसेना. कटर लावावा तर आवाज, नि कापलेली बाजू पांढरीफटक दिसणार. त्याने छिन्नी घातली, हातोडीचे दोन घाव, ब्लॉक बरोबर तुटला. तुटलेल्या बाजूला त्याने ओली माती चोळली, ब्लॉक बसवला, सांध्यांत माती लोटली, वर सुका पाचोळा पसरला.

"हत्यारा लपय!" काकी.

धुम्मस, दोरी, घमेलं, सगळं केळीच्या मागे. तो उभा राहतो न राहतो तोच जीप आली. मागोमाग रिक्षातून दत्तप्रसाद उतरला. पन्नाशीचा, बारीकसा. आत आला, वाट बघितली, नि जागच्या जागी थिजला.

बघ कसा सापडला, समर्थला वाटलं.

"कधीपासूनची वाट?" सर्कल साहेबांनी वही उघडली.

"पंधरा वर्षं झाली, साहेब," काकी म्हणाल्या.

"साहेब, मी गणपतीला आलो होतो," दत्तप्रसाद म्हणाला. "तेव्हा इथे वाट नव्हती."

असणार कशी, समर्थ मनात म्हणाला, तूच उखडलीस ना!

साहेबांनी टाच आपटून बघितली. ब्लॉक हलला नाही.

"आणि हा कोण?"

"माझा भाचा, साहेब. कसालचा," काकी म्हणाल्या. हे काही ठरलेलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

समर्थने फोड आलेले हात पाठीमागे घेतले. मग त्याला खाटेवरचे काका आठवले. न बघितलेले, पण आठवले.

"हो साहेब. लहानपणापासून ह्याच वाटेने येतो मी."

"लिहून देशील?"

"देतो."

पेन धरताना फोड फुटला. त्याने सही केली.

दत्तप्रसाद जवळ आला. ओरडला नाही. "बाबा, तू खयचो, कोणाचो माका म्हायत नाय," एवढंच म्हणाला. "पण आय गेल्यार माझ्याकडे एवढीच जागा होती."

समर्थने मान वळवली. रिक्षा गेली, जीप गेली.

"चाय ठेवतंय हां," म्हणत काकी चुलीकडे वळल्या. समर्थला राहवेना. ही बातमी आधी काकांना! तो माजघर ओलांडून मागच्या खोलीत धावला.

"काका, जिकलंव आपण!"

खोलीत खाट नव्हती. नारळाचा ढीग होता, नि मागचं दार नुसतं लोटलेलं. त्याने ते ढकललं.

बाहेर खाडी नव्हती. रुंद डांबरी रस्ता होता. दाराला लागूनच एक गाडी उभी होती, नि तिच्यातून एक दणकट म्हातारा तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन उतरत होता.

"मी गणपत रे, भाच्या," तो हसत म्हणाला. "बीचकडच्या वाटेची झाली मा सही?"