दामूच्या चुका

नाटक कंपनीत अच्युतराव नायक होते, तेव्हा दामू केरकर त्यांच्यामागे भाला धरून उभा असायचा. पुढे दामू मुंबईला जाऊन सिनेमात शिरला. अच्युतराव सांगलीतच राहिले आणि बँकेत लागले.

आता दामूच्या पंच्याहत्तरीनिमित्त टीव्हीवर रोज दुपारी त्याचा एक सिनेमा लागत होता. कधी तो कपटी सावकार असायचा, कधी हसवून बेजार करणारा न्हावी. अच्युतरावांच्या पत्नी कुमुदताई रमून जायच्या आणि शेजारी बसलेले अच्युतराव चुका काढायचे.

"आवाज बघ, नुसता नाकातून येतोय."

"मग बघता कशाला तुम्ही?"

"चुका कळायला नकोत?"

शनिवारच्या सिनेमात दामू सगळं विसरत चाललेला म्हातारा होता. बायको त्याला भात भरवत होती. दोन घास झाल्यावर तो संकोचून म्हणाला, "बाई, तुमचे यजमान घरी वाट बघत असतील."

अच्युतरावांच्या हातातला चहा गार झाला. सिनेमा संपल्यावर डोळे पुसत कुमुदताईंनी विचारलं, "आज एकही चूक नाही?"

"आज दामू होताच कुठे त्यात?"

बोलून गेल्यावर ते स्वतःच दचकले. इतकी वर्षं त्यांनी दामूच्या बंगल्याचा, नावाचा, हारतुऱ्यांचा हेवा केला होता आणि सगळं नशिबावर ढकललं होतं. आज पहिल्यांदाच त्याच्या कामाचा हेवा वाटला, आणि तो कशावरच ढकलता येईना.

गार चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "उद्या कुठला आहे त्याचा?"