सात वाजताचा पाढा

निरंजनचा गेम रोज संध्याकाळी सातला डाउनलोड होता होता अडकायचा. राउटर बदलला, केबल बदलली, फरक शून्य. शेवटी कंपनीच्या हेमलताबाई डिस्क तपासायला घरी आल्या.

डिस्क म्हणजे निरंजनचे वडील. आप्पा निवृत्त मास्तर. डोक्यात जागा भरपूर, म्हणून गेम साठवायला निरंजनने त्यांच्या मानेत वायर बसवून घेतली होती.

सात वाजले. आप्पा ताठ बसले आणि एकोणतिसाचा पाढा म्हणू लागले. पडद्यावरचा आकडा थांबला. लहानपणी याच वेळी निरंजन त्यांच्यासमोर मांडी घालून पाढे घोकायचा.

“पाढे म्हणताना ते जागा परत घेतात,” हेमलताबाई म्हणाल्या. “पुसता येतील. पण त्यांना आणखी काय चिकटलंय ते आधी बघायला हवं. दोन तास लागतील.”

“आकड्यांना काय चिकटणार? पुसून टाका.”

त्यांनी पुसलं. गेम पाच मिनिटांत उतरला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आप्पा गप्प बसून होते. निरंजन जवळून गेला, तेव्हा वर्गात नव्याने आलेल्या पोराला विचारावं तसं त्यांनी मायेने विचारलं, “कोणाचा रे तू?”