उलटी पावले

"जावईबापू, तुमचा भुतांवर विश्वास नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. हडळ कोणती सरस, माझी की आजची? आणि जावयाच्या नात्याने सांगू नका."

जुन्या भयपटाची नवी आवृत्ती पाहून आम्ही चित्रपटगृहाबाहेर पडत होतो. जुन्यातली हडळ सासूबाईंनी साकारली होती. आयुष्यातली ती एकमेव भूमिका, आणि तीही चेहरा न दिसणारी. पावले उलटी भासावीत म्हणून डोक्यामागे मुखवटा बांधून त्या कॅमेऱ्याच्या दिशेने पाठमोऱ्या चालत आल्या होत्या. नव्या हडळीची पावले संगणकाने फिरवली होती.

"आजी, नवी जाम डेंजर आहे," माझी मुलगी मृण्मयी म्हणाली. "तुझी तर अडखळत होती."

सासूबाईंची मान खाली गेली.

खोटा दिलासा देणे मला जमत नाही. मी दोन्ही चाली मनात पुन्हा तपासल्या.

"नव्या हडळीची फक्त पावले उलटी आहेत, चाल सरळ माणसाची आहे," मी म्हणालो. "तिला पुढचे सगळे दिसते. तुमची हडळ प्रत्येक पाऊल आधी चाचपते, मग टेकते. विहिरीजवळ येताना तर तिचे हात थरथरतात. मी घाबरलो तो तिथेच. असा अभिनय कुठे शिकलात?"

"अभिनय कसला डोंबलाचा," सासूबाई त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसल्या. "विहीर खरी होती, आणि मला ती दिसत नव्हती."