कॅमेऱ्याकडे न बघणारा

लेकीने लग्न स्वतःच ठरवलं होतं. फोटोग्राफर बापाला मुलगा पसंत नव्हता, तरी दोघांचे फोटो त्यानेच काढले. एडिटिंगला बसल्यावर तो बायकोजवळ कुरकुरला, "सगळी मेहनत पाण्यात गेली. हा पोरगा एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही."

"मग बघतोय तरी कुठे?"

त्याने एकेक फोटो पुन्हा पाहिला. लेक हसत होती, केस सावरत होती, एकात तर बापावरच वैतागली होती. मुलगा प्रत्येक वेळी तिच्याकडेच बघत होता.

"कॉम्प्युटरवर नजर वळवता येते म्हणता ना तुम्ही?" बायकोने विचारलं.

"येते." त्याने माऊस बाजूला सारला. "पण नको. जावईबापू बघताहेत तिकडेच बघू देत."